मेहमूदचाचांचं इंग्रजी

मेहमूदचाचांना इंग्रजी कुणी शिकवलं नाही, त्यामुळे ते त्यांचं एकट्याचं होतं. आयलंडला ते 'इसलँड' म्हणत आणि नॉकला 'क्नॉक'. जे अक्षर कागदावर छापलंय ते तोंडातून बाहेर पडलंच पाहिजे, असा त्यांचा कायदा. "छापणाऱ्यानं उगंच शाई घातली का?" असं ते विचारायचे. मी गेली एकवीस वर्षं शिरूरला ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते, पण या प्रश्नाला मला आजही नीट उत्तर देता येत नाही.

दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आमची आणि त्यांची घरं भिंतीला भिंत लागून होती. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, ते पॉइंट्समन आणि मेहमूदचाचा केबिनमन. तेव्हा सिग्नलच्या केबिनमध्ये छातीएवढ्या उंचीच्या लोखंडी लिव्हर्सची रांग असायची. गाडीची वर्दी आली की कुठली लिव्हर आधी ओढायची आणि कुठली मागून, ते ठरलेलं. अंगातली सगळी ताकद लावावी लागे. गाडी निघून गेली की मग पुढची येईपर्यंत शांतता. त्या शांततेत कुणी तंबाखू मळी, कुणी डबा उघडी. चाचा पुस्तक वाचत. पुस्तक एकच.

ते त्यांना चौऱ्याऐंशी साली स्टेशनमागच्या रद्दीच्या दुकानात मिळालं होतं. एका जुन्या इंजिन ड्रायव्हरचं कुटुंब गाव सोडून परदेशी गेलं आणि त्यांच्या घरातलं सगळं रद्दीत आलं. चाचा गेले होते केबिनच्या फळ्यांवर अंथरायला जुने पेपर आणायला. तिथं त्यांना हे निळ्या कापडी बांधणीचं साडेसातशे पानांचं बाड दिसलं. कधीच वारलेल्या कुणा अमेरिकन कवीची समग्र कविता. चाचांनी मधलंच पान उघडलं.

"ओळी आखूड होत्या," ते सांगायचे. "मला वाटलं, एका ओळीत चारच शब्द हायेत, म्हंजी हे इंग्रजी सोपं असणार."

चाचांची शाळा नववीत सुटलेली. पहिली कविता कळायला त्यांना अकरा दिवस लागले. शेजारी डिक्शनरी, मांडीवर वही. कविता होती एका विकलेल्या गाईवर. नव्या मालकाच्या गोठ्यात तिला चारा जास्त मिळतो, पण दिवस मावळायला ती दाराकडे तोंड करून उभी राहते, एवढंच तीत होतं. अकराव्या दिवशी सगळा अर्थ लागला तेव्हा चाचा केबिनमधून ओरडून दादांना म्हणाले होते, "अरे, हा माणूस अमेरिकेचा, पण गाय वळखतो!"

पुढची तीस वर्षं ते ओळखत गेले. त्या कवीच्या गावात एक नदी होती, तिला पूर यायचा. तिथल्या बाया दोरीवर कपडे वाळत घालायच्या आणि बोलत काहीच नसत. तिथला एक म्हातारा टपालवाला होता, एक सुतार होता, लवकर गेलेली एक बहीण होती. चाचांना यातल्या चौसष्ट कविता तोंडपाठ होत्या. लिव्हर ओढताना एकेक ओळ म्हणायची सवय लागली आणि त्या पाठ होऊन बसल्या. सगळंच चांगलं आहे असं मात्र ते कधी म्हणत नसत. "साडेसातशे पानं लिहिल्यावर फोलपट निघणारच," म्हणायचे. "शेवटी शेवटी तो भाषण करायला लागलाय. पण खोटं बोलत न्हाई. जे बघितलं न्हाई ते बघितलं म्हणत न्हाई. म्हणून टिकलाय तो."

मी चौथीत असल्यापासून शाळा सुटली की त्यांच्या पायरीवर जाऊन बसायची. त्यांच्याच तोंडून मी त्या कविता शिकले, त्यांच्याच उच्चारांसकट. मग पुण्याला कॉलेजात गेले. पहिल्याच महिन्यात सरांनी मला उठून वाचायला सांगितलं आणि मी अख्ख्या वर्गासमोर ठणठणीत आवाजात 'इसलँड' म्हणाले. आठवडाभर मुलं मला त्याच नावानं हाका मारत होती. तेव्हापासून मी चाचांचं इंग्रजी जिभेवरून खरवडून काढलं. सुट्टीत दौंडला आले की त्यांच्यासमोर इंग्रजी शब्द टाळायचे, कारण बरोबर म्हटला तर त्यांना टोचेल आणि चुकीचा म्हणायची मला लाज वाटे. त्यांच्या ते लक्षात आलं असणार.

खुर्शिदचाचींना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. त्यांनी त्या पुस्तकाला खताच्या गोणीतलं जाड प्लॅस्टिक कापून कव्हर घातलं होतं. पण चाचा आत काहीतरी पुटपुटत असले की चाची स्वयंपाकघरातून सांगायच्या, "आज गाईची लावलीय." किंवा, "ही भैनीची. आता गप बसतील घडीभर." सुरावरून त्यांना कळायचं.

केबिनी गेल्या, लिव्हर्स भंगारात गेल्या, त्यांच्या जागी बटणांची पाटी आली. चाचा रिटायर झाले. त्यांनी दौंडातच तीन खोल्यांचं घर बांधलं. एकुलती एक मुलगी नाझिया कारेगावजवळच्या एका कंपनीत क्वालिटीला लागली आणि तिथंच मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायला लागली. दादा गेल्यावर माझं दौंडला जाणं कमी झालं.

या वर्षी फेब्रुवारीत नाझियाचा फोन आला. "सारिकाताई, अब्बांना अटॅक आला. डोक्याचा. उजवी बाजू गेली आन् बोलणं बंद झालंय."

बारा दिवस ते दवाखान्यात होते. मी एकदाच जाऊ शकले, परीक्षांचे दिवस होते. जीव वाचला, पायात थोडी ताकद आली, उजवा हात लुळा राहिला. बोलण्यातला मात्र एकच शब्द उरला. "चल." पाणी हवं असलं तरी चल, बाथरूमला जायचं असलं तरी चल, राग आला तरी चल. आपल्याला म्हणायचंय ते हे नव्हे, हे त्यांना कळायचं. ते कपाळाला आठ्या घालून पुन्हा जुळवाजुळव करायचे आणि पुन्हा तेच बाहेर पडायचं, "चल, चल." मग मान भिंतीकडे वळवायचे.

नाझियानं बिनपगारी रजा घेतली. आठवड्यातून दोनदा गौतमी मॅडम नावाच्या स्पीच थेरपिस्ट घरी यायला लागल्या. तरुण, समजूतदार मुलगी. त्या चित्रांची कार्डं समोर धरायच्या. कप कुठला, छत्री कुठली, बोट दाखवा. चाचा कार्डांकडे बघत, डोळे बारीक करत, कुठंतरी बोट ठेवत. वीसपैकी दोन बरोबर यायची. छापलेले सोपे शब्द दाखवले तर तेही ओळखता येईनात. तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी नाझियाला बाहेर बोलावून सांगितलं, "बोलणं तर गेलंच आहे, पण समजणं आणि वाचणंही बरंच गेलंय असं दिसतंय. आपण प्रयत्न सोडायचा नाही. पण घरच्यांनी मनाची तयारी ठेवावी."

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी गेले. चाचा खाटेवर उशीला टेकून बसले होते. दाढी केलेली, शर्टाची बटणं लावलेली, डोळ्यांवर काळ्या फ्रेमचा चष्मा. पूर्वी ते चष्मा वाचायलाच लावायचे. आता चाची तो दिवसभर त्यांच्या डोळ्यांवर ठेवत. ते सारखे काढून टाकत, चाची परत लावत. "चष्मा लावला म्हंजी कसे पहिल्यासारखे दिसतात," असं त्या मला म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या.

मी निळं पुस्तक काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी डाव्या हातानं पान उघडलं. खाली बघितलं. मान पुढं नेली, मागं घेतली. मग एकदम हाताच्या फटक्यानं पुस्तक खाली ढकलून दिलं. "चल!"

चाचींनी ते उचललं, पुसलं आणि कपाटात ठेवलं. आम्ही तिघी एकमेकींकडे बघेनाशा झालो. गौतमी मॅडम म्हणाल्या ते खरं होतं तर. बोलता आलं नसतं तरी चाललं असतं, पण हे पुस्तक त्यांच्यापासून गेलं हे माझ्याच्यानं बघवेना.

थोड्या वेळानं, काहीतरी करायचं म्हणून, मी ते पुस्तक पुन्हा काढलं आणि स्वतःच मोठ्यानं वाचायला लागले. नदीच्या पुरावरची कविता. नदीच्या मध्ये एक बेट आहे, पूर आला की तिथली माणसं काठावरच्यांना हाका मारतात. मी वर्गात वाचते तशी वाचली. स्वच्छ उच्चार, योग्य ठिकाणी थांबणं. चाचांच्या चेहऱ्यावर काही नाही.

चाची भाकरी थापत होत्या. त्यांनी आतून विचारलं, "सारिका, ती पाण्याची वाचती व्हय गं?"

"हो चाची."

"मग अशी काय वाचती? ती अशी न्हाई. ते काय म्हणायचे… इसलँड, इसलँड म्हणायचे बघ. मोठ्यांदा."

मी लाजले. इतक्या वर्षांनी तो शब्द तसा म्हणायचा म्हटल्यावर मला पुण्याचा तो वर्ग आठवला. तरी म्हटलं. आधी हळू. मग पहिल्या ओळीपासून सगळं चाचांच्या पद्धतीनं, सगळी मुकी अक्षरं ठणाठणा वाजवत. दुसरी ओळ मी अर्ध्यात असताना मला दुसरा आवाज ऐकू आला. घोगरा, जड, पण माझ्याबरोबर चालणारा. मी थांबले. आवाज थांबला नाही. चाचांनी ती ओळ पुरी केली, पुढची घेतली, तिच्या पुढची घेतली. डोळे मिटलेले, डावा हात लिव्हर ओढल्यासारखा मांडीवर पुढे-मागे चाललेला. दोन महिने ज्याला पाणी मागता येत नव्हतं त्या माणसानं सोळा ओळींची कविता एकही शब्द न गाळता म्हटली.

पिठाच्या हातानं चाची दारात येऊन उभ्या होत्या. नाझिया मोरीतून कपडे टाकून धावत आली.

कविता संपल्यावर चाचांनी डोळे उघडले, आम्हाला काही सांगायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "चल." मग स्वतःच थबकले. पण त्या दिवशी त्यांनी मान भिंतीकडे वळवली नाही.

मी गौतमी मॅडमना फोन केला. त्यांना आनंद झाला, पण त्यांनी मला सावधही केलं. पाठ असलेलं असं निघू शकतं, म्हणाल्या. गाणी निघतात, प्रार्थना निघतात. नवं वाक्य जुळवणं वेगळं. "पण म्हणू द्या त्यांना. रोज म्हणू द्या. तोंडाला वळण राहील. आणि कोण जाणे, त्यातला एखादा शब्द सुटा होऊन कामाला येईल."

मी मग दर रविवारी शिरूरहून न्हावऱ्यावरून एसटीनं दौंडला जायला लागले. मी पहिली ओळ त्यांच्या उच्चारात म्हणायची आणि ते पुढं न्यायचे. गाईची निघाली, बहिणीची निघाली, सुताराची निघाली. शेजारच्या बानूबाई दळण घेऊन जाताना खिडकीशी थांबायच्या आणि म्हणायच्या, "काय समजत न्हाई बया, पण ऐकत ऱ्हावं वाटतं." मलाही त्या कविता नव्यानं ऐकू येत होत्या. कॉलेजात मी त्या कवीवर टिपणं काढून दिली होती. प्रतिमा, छंद, काळाची पार्श्वभूमी. त्यातलं काहीच इथं लागत नव्हतं. लागत होता तो एका शब्दानं पुढच्याला हात देण्याचा गुण. एक शब्द तोंडात आला की दुसऱ्याला यावंच लागायचं. लिहिणाऱ्यानं शंभर वर्षांपूर्वी ते इतकं घट्ट करून ठेवलं होतं की मेंदूचा एवढा तुकडा मेल्यावरही ते सुटलं नव्हतं.

चौथ्या रविवारी टपालवाल्याची कविता घेतली. म्हातारा टपालवाला पावसात एका दारासमोर उभा राहतो, चष्मा काढतो, पुसतो, परत लावतो आणि पाकिटावरचं नाव वाचतो. नाव त्याला वाचायची गरज नसते. गावातली सगळी नावं त्याला पाठ आहेत. तरी तो वाचतो, कारण पाकिटाला तेवढा मान द्यायला हवा.

चाचा चांगलं म्हणत होते. तिसऱ्या कडव्यात आले आणि अडले.

"ग्लासेस," ते म्हणाले. मी पुढचा शब्द दिला. त्यांनी घेतला नाही. "ग्लासेस. ग्लासेस!"

"पानी होना क्या?" म्हणून चाची उठल्या आणि स्टीलचा ग्लास भरून घेऊन आल्या. चाचांनी तो डाव्या हातानं सारला, पाणी चादरीवर सांडलं.

"काचेचा हवा असंल," नाझिया म्हणाली आणि कपाटातला पाहुण्यांचा काचेचा ग्लास घेऊन आली. चाचांनी तिच्याकडे असं बघितलं की ती ग्लास हातात धरून तशीच उभी राहिली. मग त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा ओढून काढला आणि खाली फेकला.

"झालं यांचं सुरू," चाची म्हणाल्या. वाकून चष्मा उचलला, पदराला पुसला आणि पुन्हा त्यांना लावायला निघाल्या.

"थांबा चाची," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते जोरात निघालं. "कवितेतले ग्लासेस म्हणजे पाण्याचे नाहीत. चष्मा. ते चष्मा म्हणतायत."

मी चष्मा चाचींच्या हातातून घेतला आणि स्वतःच्या डोळ्यांवर चढवला. अख्खी खोली लांब पळाली. चाची, नाझिया, खाट, सगळं बारीक बारीक होऊन दूर उभं राहिलं. मी पुस्तक उघडलं तर अक्षरांच्या जागी मुंग्या.

"नाझिया, चाचांचा चष्मा कसा होता? अक्षर मोठं दिसायचं ना त्यातून?"

"व्हय की. मी लहानपणी त्यातून मुंग्या बघायची, अस्वलाएवढ्या दिसायच्या." तिनं चष्मा घेऊन उलटसुलट केला. "आन् अब्बांच्या उजव्या दांडीला तांब्याची तार होती. स्क्रू पडला तवा त्यांनीच बसवली होती." तिचा आवाज चढला. "अम्मी, याला तार न्हाई! हा अब्बांचा न्हाईच!"

चाचांनी उशीवर डोकं टेकलं आणि एक लांब श्वास सोडला. दोन महिने सांगतोय, असं त्या श्वासात सगळं होतं.

चाची मटकन खाली बसल्या. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर न्हावऱ्याचे मारुतराव म्हणून एक आजोबा होते, हे त्यांना आठवलं. साखर वाढून चक्कर येऊन पडले होते. दोघांना एकाच सकाळी सोडलं. खिडकीच्या कट्ट्यावर दोघांच्या औषधांच्या पिशव्या, डबे आणि चष्मे एकत्र ठेवलेले. फ्रेम दोन्हीची काळी. कुठल्या बाईनं कुठला उचलला ते आता कोण सांगणार?

मारुतरावांच्या बायकोनं, धुरपदाबाईंनी, तेव्हा चाचींना रोज घरची भाकरी आणून दिली होती. त्यांचा नंबर नाझियाच्या फोनमध्ये 'न्हावरे काकू' नावानं होता. तिनं फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"काय सांगू माय," पलीकडून धुरपदाबाई आधी स्वतःचंच सांगायला लागल्या. "मालकाला घरी आणल्यापासनं डोकंच कामातनं गेलंय त्यांचं. माणसं वळखंनात. मी दारात उभी ऱ्हायले तर मला इचारत्यात, कोण हाय गं बाय? पंचेचाळीस वर्सं झाली लग्नाला! सून म्हणती, मेंदूच्या डाक्टरला दाखवा."

चाचींनी फोन तोंडाजवळ ओढला. "धुरपदाबाई, एक काम करा. त्यांच्या डोळ्यावरचा चष्मा बघा. उजव्या दांडीला तांब्याची तार हाय का?"

थोडा वेळ नुसती कोंबड्यांची कलकल ऐकू आली.

"हाय की वो," धुरपदाबाई म्हणाल्या. "आगं आई गं!" आणि मग त्या हसत होत्या की रडत होत्या ते कळेना. चाचींचंही तेच चाललं होतं.

दुपारचं ऊन होतं, पण आम्हाला दम निघेना. नाझियाच्या स्कूटीवर आम्ही दोघी न्हावऱ्याला निघालो. घर उसाच्या कडेला होतं, दारात कांद्याचा ढीग आणि त्याच्या पलीकडे गोठा. मारुतराव ओसरीवर खुर्चीत बसले होते. आमचा आवाज ऐकून त्यांनी भलतीकडेच तोंड करून रामराम केला. नाझियानं त्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि त्यांचा स्वतःचा पुसून लावला.

ते आधी समोर उसाकडे बघत राहिले. मग हळूहळू मान फिरवून कांद्याकडे, गाईकडे, आणि शेवटी खांबाला धरून उभ्या असलेल्या बायकोकडे.

"धुरपदे," ते म्हणाले, "तू एवढी वाळली कवा?"

"तुमच्यापायीच वाळली," धुरपदाबाई म्हणाल्या आणि पाठ करून चुलीकडे गेल्या. चहा येईपर्यंत त्या बाहेर आल्या नाहीत. निघताना मात्र त्यांनी स्कूटीच्या पुढं पाय ठेवायच्या जागेत कांद्याची गोणी चढवली. नको म्हटलेलं ऐकून घेतलं नाही. येताना नाझियाला पाय ठेवायला जागा नव्हती आणि आम्ही दोघी वाटभर काहीही कारण नसताना हसत होतो.

घरी आलो तेव्हा चाचा दाराकडेच बघत बसले होते. नाझियानं चष्मा त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठ्यानं तार चाचपली. डाव्या हातानं सावकाश, एक दांडी, मग दुसरी दांडी, असा तो स्वतःच लावला. मी पुस्तक मांडीवर ठेवलं. ते ओळींवरून बोट नेत राहिले. आवाज नाही, नुसते ओठ हलत होते. एक पान उलटलं. थोड्या वेळानं दुसरं उलटलं. आम्हा तिघींकडे त्यांचं लक्षही नव्हतं आणि आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं. चाची जमिनीवर पाय पसरून भिंतीला टेकल्या. त्यांना असं बसलेलं मी दोन महिन्यांत पाहिलं नव्हतं.

मी दोन दिवस रजा टाकून तिथंच थांबले. मंगळवारी गौतमी मॅडम कार्डं घेऊन आल्या. वीसपैकी एकोणीस. विसावं चित्र इस्त्रीचं होतं. ते जरा विचित्रच काढलेलं होतं, माझंही चुकलं असतं. मॅडम कार्डं पिशवीत भरता भरता थांबल्या. "मी पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं, चष्मा यांचाच ना म्हणून," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. चाचांनी त्यांच्या मनगटावर डावा हात ठेवला आणि म्हणाले, "चल." या वेळी त्याचा अर्थ सगळ्यांना कळला.

समजणं गेलं नव्हतं. वाचणं गेलं नव्हतं. दोन महिने आम्ही ज्याच्यासमोर दबक्या आवाजात त्याच्याचबद्दल बोलत होतो, तो माणूस सगळं ऐकत आत शाबूत बसलेला होता. याचं वाईट वाटायला हवं होतं आणि वाटलंही, पण सुटकेचा आनंद त्याहून मोठा होता. बोलणं अजून यायचंय. जूनपर्यंत पंधरा-वीस सुटे शब्द झाले. त्यातले निम्मे कवितेतून आलेले, म्हणून इंग्रजी. दूध मागायचं तर 'काऊ' म्हणतात, कारण गाईची कविता. खिडकीतून पावसाकडे बघून 'रिव्हर' म्हणतात. चाची त्यांच्याशी दखनीत बोलतात, ते शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन शब्दांत उत्तर देतात आणि दोघांचं व्यवस्थित भागतं. मी कुठलाही उच्चार सुधारत नाही. माझ्या वर्गात कुणी 'क्नॉक' म्हटलं तर मी बरोबर उच्चार फळ्यावर लिहिते, पण हसू कुणाला देत नाही.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात नाझिया कामावर परत रुजू झाली. सोमवारी सकाळी आम्ही दोघी दौंडहून एकाच एसटीनं निघालो. मी शिरूरला उतरणार, ती तिथून पुढं कारेगावला जाणार. तिच्या मांडीवर चाचींनी दिलेला डबा होता. गाडी गावाबाहेर पडेपर्यंत ती सांगत होती, नवा सुपरवायझर कसा आहे, मशिनवर बसायला मिळेल की उभं राहावं लागेल. बोलता बोलता वाक्य अर्ध्यात राहिलं. मी बघितलं तर तिची मान खिडकीच्या गजाला टेकली होती आणि तोंड थोडं उघडं पडलं होतं. फेब्रुवारीपासून ती एक डोळा उघडा ठेवून झोपत होती. मी तिच्या मांडीवरचा डबा सरकण्याआधी उचलून घेतला आणि तिचं डोकं गजावरून माझ्या खांद्यावर आणलं. कंडक्टर आला. मी दोन बोटं दाखवली आणि हळू आवाजात म्हणाले, "एक शिरूर, एक कारेगाव. तिला उठवू नका."